पाटीवर ‘फ्रेश कूक्ड’ लिहू की ‘फ्रेशली कूक्ड’? (विशेषण आणि क्रियाविशेषण यांचा घोळ)

कर्देवाली

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात कर्द्याला आमचं घर आहे. मागच्या अंगणाकडच्या खोल्या पाहुण्यांना राहायला देतो. जुनी पाटी खाऱ्या वाऱ्याने पार गेली, म्हणून नवी करायची आहे. पेंटर शनिवारी दापोलीहून येतोय आणि अजून मजकूरच ठरत नाही.

माझं म्हणणं ‘फ्रेश कूक्ड फिश’. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा भाचा म्हणतो, ‘मामी, फ्रेशली पाहिजे.’ त्याचा नियम असा: नामाबद्दल सांगायचं तर साधा शब्द, क्रियापदाबद्दल सांगायचं तर शेवटी ‘ली’. ऐकायला छान आहे. पण मी तोच नियम माझ्या रोजच्या वाक्यांना लावायला बसले, तर एकही वाक्य सरळ उभं राहीना.

पाहुणे जेवून उठताना म्हणतात ‘इट टेस्ट्स गुड’. टेस्ट हे तर क्रियापद, मग ‘वेल’ का नाही? मुंबईहून निघालेल्यांना मी मेसेज करते, ‘इफ यू आर कमिंग लेट, प्लीज कॉल’. कमिंगला ली लावून ‘लेटली’ करायचं का? यावर भाचा गप्प. आमच्या गल्लीत पोफळींमधून एकच गाडी जेमतेम जाते, तिथे ‘ड्राइव्ह स्लो’ लिहायचंय, की ‘स्लोली’? आणि एका बाईंनी अभिप्रायात आम्हाला ‘व्हेरी फ्रेंडली होस्ट्स’ म्हटलंय. त्यात ली आहे, पण होस्ट तर नाम!

मी मराठी माध्यमातली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. व्याख्या दोन्ही पाठ आहेत, त्या कृपया परत देऊ नका. वाक्य हातात घेतल्यावर ओळखायचं कसं तेवढं सांगा.

सुकाणी (हर्णै)

कर्देवाली बाय, आधी पाटीचं सांगतो, कारण पेंटर थांबत नाही. माझं पुराण नंतर.

‘फ्रेश’ म्हटलंस तर तू माशाबद्दल बोलतेस. ‘फ्रेशली’ म्हटलंस तर शिजवण्याबद्दल. म्हणजे इथे एक चूक आणि एक बरोबर असं नाहीच, दोन वेगळी आश्वासनं आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा बर्फातली सुरमई काढून तू पाहुण्यासमोर तव्यावर टाकलीस, तर ती ‘फ्रेशली कूक्ड’ आहे, पण ‘फ्रेश फिश’ नाही. उलट नोव्हेंबरात आमच्या हर्णैच्या लिलावातून पापलेट नेलंस, सकाळी कालवण केलंस आणि रात्री गरम करून वाढलंस, तर मासा फ्रेश होता, रांधणं मात्र फ्रेश नाही. तुझं घर दोन्हीची हमी देत असेल तर पाटीवर लिही: ‘फ्रेश फिश, फ्रेशली कूक्ड’. ‘फ्रेश कूक्ड फिश’मध्ये ‘फ्रेश’ कूक्डला धरायचा की फिशला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. लोक तसं लिहितात, पोट भरायला आलेला माणूस समजूनही घेतो. पण पाटी एकदाच रंगते. आणि पावसाळ्यात पहिल्या दोन शब्दांवर कापड टाक, नाहीतर लोक मलाच विचारतील.

आता भाच्याच्या नियमाचं. तो अर्धाच आहे. क्रियाविशेषण नुसतं क्रियापदालाच चिकटतं असं नाही. ते विशेषणाला चिकटतं: ‘व्हेरी फ्रेश’. दुसऱ्या क्रियाविशेषणालाही चिकटतं: ‘व्हेरी स्लोली’. अख्ख्या वाक्याच्या डोक्यावरही बसतं: ‘लकीली, द बोट केम बॅक’. लकी बोट नाही आणि येणंही नाही, जे घडलं ते सगळं मिळून लकी. ‘फ्रेशली कूक्ड’मध्ये ‘कूक्ड’ हे क्रियापदापासून झालेलं विशेषण, माशाबद्दलचं. त्याला चिकटलंय ‘फ्रेशली’. तेव्हा शब्दाचं शेपूट बघायचं सोडून दे. तो शब्द वाक्यातल्या कुणाच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे ते बघ.

आता पुराण. मी बोटीवर सुकाण्याचं काम केलं, टँकर आणि बल्क कॅरिअर दोन्हींवर. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, कॅप्टन एका देशाचा, बंदराची वाट दाखवणारा पायलट दुसऱ्या, चाकावर मी हर्णैचा. तिथे व्याकरण शिकवत नाहीत, पण कानावर पडतं ते पक्कं बसतं. सुकाणू पूर्ण उजवीकडे घ्यायचं तर हुकूम येतो ‘हार्ड अ स्टारबोर्ड’. हा ‘हार्ड’ म्हणजे सुकाणू कडक आहे असं नव्हे, कसं फिरवायचं ते सांगतो. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, आणि ली कुठेच नाही. कोणी ‘हार्डली स्टारबोर्ड’ ओरडलंच तर शब्दाप्रमाणे सुकाणू जेमतेम हलवावं लागेल आणि जहाज धक्क्यावर जाईल. कारण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, नाहीच म्हणा ना. ‘वी वर्क हार्ड’ म्हणजे राबतो. ‘वी हार्डली वर्क’ म्हणजे खाटेवर पडून असतो.

तुझं ‘लेट’ तसंच. ‘कमिंग लेट’ म्हणजे उशिरा येणं. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हल्ली. भाच्याचं ऐकून पाठवलं असतंस तर पाहुण्याला वाटलं असतं, हल्ली वारंवार येता का असं विचारतायत. ‘निअर’ जवळ, ‘निअरली’ जवळजवळ. ‘हाय’ उंच, आणि ‘हायली’ फार, जसं अभिप्रायात ‘हायली रेकमेंडेड’ लिहितात. ही जोडपी वेगळी पाठ कर, नियमाने सुटत नाहीत.

इंजिनाचा हुकूम असतो ‘डेड स्लो अहेड’. इथे ‘अहेड’ क्रियाविशेषण, पुढे. ‘स्लो’ सुद्धा, हळू. आणि ‘डेड’ त्या स्लोला सांगतो, किती हळू, तर अगदीच. तीन शब्द, तिन्ही क्रियाविशेषणं, ली एकालाही नाही. ‘अहेड’, ‘अस्टर्न’ (मागे), ‘अशोअर’ (किनाऱ्यावर), ‘अबोर्ड’ (जहाजावर) ही मंडळी तर ली लावून घेतच नाहीत.

‘टेस्ट्स गुड’चं उत्तर संध्याकाळी देतो, लिलावाची वेळ झाली.

माडाखालचो

सुकाणीकाका येईपर्यंत मालवणातून एक भर घालतो. हा घोळ इंग्रजीमुळे जेवढा होतो तेवढाच आपल्या भाषेमुळे. आमच्याकडे म्हणतात, ‘झील बरो गाता’, ‘चेडू बरां गाता’. प्रमाण मराठीत ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’. बघा, ‘चांगला’ हा शब्द गाण्याबद्दल सांगतोय, पण लिंग घेतोय गाणाऱ्याचं! म्हणजे काम क्रियाविशेषणाचं आणि कपडे विशेषणाचे. व्याकरणाच्या पुस्तकातही म्हणूनच ‘क्रियाविशेषण’ आणि ‘क्रियाविशेषण अव्यय’ असा फरक करतात. ‘चांगला’ बदलतो, तो अव्यय नाही. ‘बेगीन’, म्हणजे लवकर, बदलत नाही: तो बेगीन इलो, ती बेगीन इली. ते खरं अव्यय.

आता हाच मुलगा इंग्रजीत ‘ही सिंग्ज गुड’ लिहितो. त्याच्या कानाला ‘चांगला’ एकच आहे, दोन्हीकडे चालणारा. इंग्रजीत मात्र ‘अ गुड सिंगर’ आणि ‘सिंग्ज वेल’. शिकवणाऱ्याने नुसतं लाल शाईने ‘वेल’ करून भागत नाही. मुलाला मराठीतला हा प्रकार आधी दाखवावा, मग तो स्वतःच पकडतो. मी शिकवणी घेतो म्हणून सांगतोय.

सुकाणी (हर्णै)

आलो. बांगडा बरा होता आज.

मालवणकरांनी गाठ अचूक धरलीय, आणि तिथूनच ‘टेस्ट्स गुड’ सुटतं. ‘आमटी चांगली लागते’ आणि ‘ती चांगली गाते’. मराठीत दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. आता क्रियापद काढ आणि तिथे ‘आहे’ ठेव. ‘आमटी चांगली आहे’, अर्थ तोच राहिला. ‘ती चांगली आहे’, इथे गाणं गेलं आणि स्वभाव आला, अर्थ हलला. इंग्रजीत नेमकं हेच करायचं. ‘द फिश टेस्ट्स गुड’मध्ये ‘टेस्ट्स’च्या जागी ‘इज’ टाक: ‘द फिश इज गुड’. चालतं. म्हणजे ते क्रियापद नुसता पूल आहे, मासा आणि गुड यांना जोडणारा. गुड माशाचं विशेषण, म्हणून गुडच. ‘शी सिंग्ज’मध्ये ‘इज’ टाकून चालत नाही, कारण गाणं ही तिची खरी क्रिया आहे. तिथे वेल.

अशी पूल-क्रियापदं मोजकीच: लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम, बिकम, रिमेन, आणि अर्थात बी. पण बाय, यातली काही दुहेरी वागतात, तिथे डोळा ठेव. ‘द कॅप्टन लुक्ड अँग्री’ म्हणजे कॅप्टन रागावलेला दिसला. ‘द कॅप्टन लुक्ड अँग्रिली ॲट द पायलट’ म्हणजे त्याने पायलटकडे रागाने पाहिलं. पहिल्यात ‘दिसणं’, दुसऱ्यात ‘पाहणं’. मासा ‘स्मेल्स बॅड’ असला तर फेकून दे. मासा ‘स्मेल्स बॅडली’ असला तर त्याचं नाक चोंदलंय एवढंच.

कर्देवाली

काका, ‘इज’चं लगेच करून बघितलं. ‘द रूम लुक्स क्लीन’, बसलं. ‘द वॉटर फील्स कोल्ड’, बसलं. ‘शी कूक्स क्लीन’, नाही बसलं, म्हणजे ‘क्लीनली’. हे आवडलं, पाठ करायला काही नाही.

आता दोन शंका. परवा रात्रभर वीज नव्हती, पाहुणे वैतागून गेले. मी त्यांना लिहिलंय ‘वी फील बॅड अबाउट इट’. शेजारच्या वहिनी म्हणतात ‘बॅडली’ जास्त सभ्य. आणि ‘फ्रेंडली’ राहिलंच. ‘दे ट्रीटेड अस फ्रेंडली’ असं एकाने लिहिलंय, ते बरोबर की कसं?

भाच्यालाही हा धागा पाठवलाय.

सुकाणी (हर्णै)

‘फील बॅड’च ठेव. ‘फील’ इथे पूलच आहे, तू तुझ्या मनाची अवस्था सांगतेस. वहिनींचा सभ्यपणा कळतो. ली लावलं की शब्दाने इस्त्री केल्यासारखं वाटतं, त्या मोहानेच निम्मे घोळ होतात. तुझं वाक्य तुझंच आहे, बदलू नकोस.

‘वेल’ची एक गोष्ट यातच सांगून टाकतो. ‘आय ॲम वेल’ मध्ये वेल हे विशेषण आहे, तब्येत बरी या अर्थी. ‘आय ॲम डुइंग वेल’ मध्ये क्रियाविशेषण. शब्द एकच, जागा दोन. आणि कोणी ‘हाऊ आर यू’ विचारलं आणि दुसरा ‘गुड’ म्हणाला तर त्याला टोकू नये. जहाजावर टोकणारा एक इंजिनिअर होता, त्याच्याबरोबर कोणी जेवायला बसत नसे.

‘फ्रेंडली’ हे विशेषणच, ली असूनही. ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘सिली’, ‘अग्ली’, ‘कॉस्टली’, ‘एल्डरली’ ही सगळी विशेषणं. तुझ्या पाहुण्याचं वाक्य म्हणून अडखळतं, ट्रीट करणं ही क्रिया आणि तिला विशेषण चिकटवलंय. ‘फ्रेंडलिली’ असा शब्द कोशात सापडतो, तोंडात सापडत नाही. ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणायचं, किंवा सरळ ‘वॉर्मली’. तुझ्याबद्दल चांगलं लिहिलंय, तेव्हा दुरुस्त करायला जाऊ नकोस.

जुनी पोथी (रत्नागिरी)

‘हार्ड’ला ली का नाही आणि ‘फ्रेंडली’ला असून ते विशेषण का, याचं कारण एकाच ठिकाणी आहे, म्हणून मधे बोलते. एम.ए.ला जुनी इंग्रजी होती, तेवढ्या भांडवलावर.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाचं क्रियाविशेषण करायचं तर शेवटी एक ‘ए’ लावत. विशेषण ‘फॅस्ट’, क्रियाविशेषण ‘फॅस्टे’. विशेषण ‘हेआर्ड’, क्रियाविशेषण ‘हेआर्डे’. दुसरीकडे नामाला ‘लिच’ लावून विशेषण करत. लिच म्हणजे शरीर, रूप. आजचा ‘लाइक’ त्याच कुळातला. ‘फ्रेओंड’ म्हणजे मित्र, त्याचं ‘फ्रेओंडलिच’, मित्राच्या रूपाचा. तेच आजचं फ्रेंडली, म्हणजे जन्मापासून विशेषण. ‘डेली’ही तसंच, दिवसापासून झालेलं. अशा लिचवाल्या विशेषणाला तो ‘ए’ लागला की ‘लिचे’ असा क्रियाविशेषणाचा शेवट होई.

पुढे बोलण्यातून शेवटचा ‘ए’ झडला. ‘फॅस्ट’ आणि ‘फॅस्टे’ एकसारखे झाले, म्हणून आज ‘अ फास्ट बोट’ आणि ‘द बोट गोज फास्ट’ दोन्हीकडे तोच शब्द, ‘फास्टली’ नाही. ‘लिच’ आणि ‘लिचे’ही एकत्र येऊन ‘ली’ झाले. मग लोकांनी ती ‘ली’ क्रियाविशेषणाची खूण म्हणून उरलेल्या शब्दांना लावायला घेतली. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लेट’ जुन्या वाटेने राहिले.

1762 मध्ये, पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांनी इंग्रजी व्याकरण लिहिलं, त्यात विशेषण क्रियाविशेषणासारखं वापरणं अयोग्य ठरवलं. शाळेतला ‘ली हवीच’ हा धाक बराचसा त्या शतकातल्या व्याकरणकारांचा. ‘ड्राइव्ह स्लो’मधला ‘स्लो’ कोशात क्रियाविशेषण म्हणून आहे. गल्लीच्या पाटीला खुशाल वापरा.

सुकाणी (हर्णै)

पोथीताई, ‘फास्ट’चं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे दोर बांधायचा हुकूम ‘मेक फास्ट’, आणि सगळे दोर बांधून झाले की ‘ऑल फास्ट’. नव्या पोरांना वाटतं घाई करायला सांगतायत आणि ती धावत सुटतात. इथे फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं, हलणार नाही असं. ‘फास्ट असलीप’मध्ये तेच, गाढ. कपड्याचा ‘फास्ट कलर’ तेच.

धाकाबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजावरच्या बोलण्यासाठी ठराविक वाक्यांचा संच मंजूर केला, परदेशी माणसांचा गोंधळ होऊ नये म्हणून. त्यातले हुकूम तोडके, ली नसलेले: ‘हार्ड अ पोर्ट’ (सुकाणू पूर्ण डावीकडे), ‘स्लो अस्टर्न’. पण तेच हुकूम कसे पाळावेत हे समजावताना तिथे ‘करेक्टली’, ‘इमिजिएटली’ असं पूर्ण लिहिलेलं आहे. ओरडायची भाषा एक आणि लिहून समजावायची दुसरी. पाटी ही ओरडण्यातच मोडते, म्हणून ‘ड्राइव्ह स्लो’. पाहुण्याला रस्ता समजावणाऱ्या मेसेजमध्ये मात्र ‘प्लीज ड्राइव्ह स्लोली, द लेन इज नॅरो’. बाय, दोन्ही तुझ्याच घरची, गोंधळू नकोस.

भाचा_पुणे

मामीने लिंक पाठवली. माझा नियम अर्धा आहे हे ठीक. पण मग ॲपलच्या 1997 च्या जाहिरातीत ‘थिंक डिफरंट’ होतं, ते चालतं आणि परीक्षेत चूक का धरतात? ती पाटी नव्हती, पानभर जाहिरात होती. आणि तुलना करताना काय? ‘मोअर फास्ट’ की ‘फास्टर’?

माडाखालचो

तुलनेचं मी घेतो. ली नसलेली बहुतेक सरळ ‘अर’ घेतात: फास्टर, हार्डर, लेटर. ली असलेली बहुतेक ‘मोअर’ घेतात: मोअर स्लोली, मोअर केअरफुली. ‘वेल’चं बेटर, ‘बॅडली’चं वर्स, म्हणजे गुड आणि बॅडसारखंच. ‘मोअर फास्ट’ आणि ‘मोअर बेटर’ दोन्ही नको. दहावीच्या पेपरात ‘मोअर बेटर’ इतकं येतं की मी आता चिडतही नाही.

सुकाणी (हर्णै)

‘थिंक डिफरंट’मध्ये ‘डिफरंट’ हे कसा विचार करा यापेक्षा कशाचा विचार करा असं वाचता येतं, ‘थिंक बिग’सारखं. जाहिरातवाल्याला तेच हवं असतं, जरा खटकलं की वाचणारा थांबतो. परीक्षेत तपासणारा तुझ्यासाठी थांबणार नाही. तिथे ‘डिफरंटली’ लिही आणि मार्क घे. नोकरीच्या अर्जातही.

मामीच्या घरी आलास की पाटीवरचे शब्द तूच मोजून पेंटरला दे, तो अक्षराप्रमाणे पैसे घेतो.

कर्देवाली

पोथीताईंनी ‘डेली’ म्हटलं त्यावरून शेवटचं विचारते. पाटीखाली ‘ब्रेकफास्ट सर्व्हड डेली’ लिहायचंय आणि डॉल्फिन बघायच्या बोटीसाठी ‘अर्ली’ काहीतरी. यांना क्रियाविशेषण करायचं तर आणखी काय लावायचं?

सुकाणी (हर्णै)

काहीच नाही. ‘डेली’, ‘वीकली’ आणि ‘अर्ली’ दोन्हीकडे जशीच्या तशी चालतात. ‘डेली बोट’ म्हटलंस तर विशेषण, ‘सर्व्हड डेली’ म्हटलंस तर क्रियाविशेषण. ‘अर्ली ब्रेकफास्ट’ बरोबर आणि ‘द बोट लीव्हज अर्ली’ही बरोबर. ‘डेली’ मात्र बोटीच्या ओळीत घालू नकोस, पावसाळ्यात ती सुटत नाही.